हंडा आतून लख्ख

सासरी माझ्या हातून पहिली डाळ बिघडली ती बोअरच्या पाण्यानं. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी दाणा टणक तो टणकच. पण पाण्याला बोल कोण लावणार? बोल लागला मला. सासू म्हणाली, जळोचीची पोरगी, बारामतीच्या नळाच्या पाण्यावर वाढलेली, हिला चुलीपुढचं काय कळतंय. मी नवीन होते, ऐकून घेतलं. आता कुणी तसं बोलून दाखवावं.

डाळज गावाबाहेर शेतात आमची वस्ती. बोअरचं पाणी मचूळ, साबणाला फेस नाही, केस धुतले की काथ्यासारखे राठ. त्यावर त्या घरातला जुना उपाय म्हणजे आभाळाचं पाणी. सासूचं माहेर पिढ्यान् पिढ्या मेंढरांमागं फिरलेलं. ती स्वतः जन्मली कोकणाच्या वाटेवर, भर पावसात, एका झाडाखाली. पहिली आंघोळ पावसाच्या पाण्याची, पहिली घुटीही त्याच पाण्यात उगाळलेली. पुढं मेंढरं गेली, ऊस आला, डाळिंब आलं, पण ही रीत राहिली. पाऊस लागला की वळचणीला पातेली लावायची, चौपदरी फडक्यातून पाणी गाळायचं, हंड्यात भरून वर तुळशीचं पान टाकायचं. डाळ त्या पाण्यात, केस त्या पाण्यानं आणि घरात लेकरू जन्मलं की त्याची घुटीही त्याच पाण्यात.

जुनी माणसं पहिल्या सरी सोडून द्यायची. छप्पर धुऊन निघू दे म्हणायची, मग पातेलं लावायचं. पण आमच्याकडचा पाऊस म्हणजे रुसलेला पाहुणा, आला तर आला. पाऊस आटत गेला तशी ही अर्धी रीतही आटली. सासू पहिल्या थेंबाला पातेलं घेऊन धावायची. थोरली जाऊ एकदा म्हणाली, आत्या, जरा पत्रा धुऊ द्या की. तर तिला ऐकवलं, तुझ्या बापानं तळं बांधलंय का हितं.

आणि हंडा होता माझ्या माहेरचा. माझ्या आबांनी रुखवतात दिलेला, तांब्याचा, दोघांनी उचलावा असा. रुखवतातल्या बाकी सगळ्याला सासूनं नाक मुरडलं. मिक्सर बारका, कपाट वाकडं, भांडी पातळ. हंडा मात्र तिनं त्याच दिवशी उचलून देवघराच्या कोपऱ्यात नेला. मी त्याला हात लावला तरी तिला खपायचं नाही.

थोरले भाऊजी गुऱ्हाळ चालवायचे. गुऱ्हाळ घरापासून हाकेच्या अंतरावर, रस उकळायच्या काहिलीखाली चुलाण, त्याला उंच धुराडं. आधी चुलाणात उसाची चिपाडं जायची. पण चिपाडं वाळायला वेळ लागतो, दम लागतो आणि आमच्या भाऊजींकडं दम कधीच नव्हता. हमरस्त्यावर पंक्चरवाल्यांकडं फुटक्या टायरांचे ढीग पडलेले असतात. ते ट्रॉलीनं यायला लागले. टायर पेटला की जाळ असा लागतो की काहील बघता बघता उकळते. धूर मात्र डांबरासारखा काळा. तो वर जायचा, वारा पडला की तिथंच लोंबत राहायचा आणि मग काजळी होऊन आमच्या पत्र्यावर बसायचा. नाकात जळक्या काडीपेटीसारखा वास. सकाळी उठून खोकायचं हा त्या घराचा धर्मच झाला होता.

मी एकदा जेवताना बोलले. म्हणाले, भाऊजी, धुरानं डोळे जळतात. ते भाकरी मोडत म्हणाले, धूर हाय म्हणून चूल हाय. सासू हसली. माझे हे पानात बघत बसले. हे बारामतीला एका कंपनीत पाळीवर जायचे, गावात असले तरी घरात नसल्यासारखे. आपलेच दात, आपलेच ओठ, एवढं एक वाक्य त्यांना येत होतं आणि तेही नंतर, खोलीत आल्यावर.

डाळिंबाच्या बागेत आधी दिसायला लागलं. भुरभुर पाऊस येऊन गेला की दुसऱ्या दिवशी पानांवर तपकिरी ठिपके, जणू कुणी उदबत्ती टेकवलीय. फळाची साल खरबरीत. औषधांच्या दुकानदारानं तेल्या रोग समजून फवारण्या दिल्या, तेल्या हटेना, कारण तो तेल्या नव्हताच. दोरीवर वाळत घातलेलं माझं लुगडं पावसात भिजलं, वाळलं आणि ओढायला गेले तर हातात फाटून आलं. गुऱ्हाळाच्या अंगाचा पत्रा गंजून चाळण झाला. दुसऱ्या अंगाचा धड होता. शेजारच्या शेततळ्यात मासे उलटे तरंगले तेव्हा शेजारी सासूकडं येऊन म्हणाला, कुणीतरी करणी केली. सासूनं मान हलवली. हो ना, लोकांची नजर लई वाईट.

काय बोलायचं सांगा. समोर धुराडं दिसतंय, धूर दिसतोय, त्या धुराखालीच सगळं जळतंय आणि शोध चाललाय नजरेचा. मला तर कधी कधी हसू यायचं. तेव्हा हसू यायचं.

मग मला मुलगी झाली. बाळंतपण बारामतीला, माहेरी. पहिली बेटी धनाची पेटी, असं सासू बाळ बघायला आली तेव्हा म्हणाली, पण म्हणताना तोंड असं केलं की जणू पेटी रिकामी निघालीय. सव्वा महिन्यानं मी पोरीला घेऊन वस्तीवर आले. परतीचा पाऊस सुरू होता. गुऱ्हाळही दसऱ्याला पेटलं होतं. वळचणीला पातेली, हंडा काठोकाठ.

पोरगी गोल, काळीसावळी, माझ्या आबांसारखं रुंद कपाळ. पोटभर प्यायची आणि मुठी आवळून झोपायची. सासू रोज सकाळी सहाणेवर हळकुंड, वेखंड, जायफळ उगाळायची, हंड्यातलं पाणी घालून चमच्यानं पाजायची. शिवाय मधूनमधून तहान लागली असेल म्हणून दोन-चार चमचे नुसतं पाणी. मी म्हणाले, आत्या, दवाखान्यात पाणी देऊ नका म्हणालेत. ती म्हणाली, दवाखान्यानं किती लेकरं वाढवली? मी चार वाढवली.

त्याच दिवसांत मी हंड्यात एकदा वाकून बघितलं. बाहेरून काळपट, पण आतून पाणी जिथंवर होतं तिथंवर लख्ख. आम्ही माहेरी चिंच लावून, राखेनं घासून घासून मनगटं मोडायचो तेव्हा कुठं तांबं असं निघायचं. इथं तर कुणी हात लावला नव्हता. सासूला मोठा अभिमान. आल्यागेल्याला झाकण काढून दाखवायची, बघा, आभाळाच्या पाण्याची ताकद बघा, भांडं आपलं आपण साफ व्हतंय. बायका हात जोडायच्या. बाळाची दुपटी त्या पाण्यात साबणानं धुतली की त्यांना फिकट हिरवट झाक यायची. सासू म्हणाली, घासाच्या भाऱ्यावर ठेवली असशील.

पोरगी ओकायला लागली. आधी थोडं, मग प्यालेलं सगळं. हगवण लागली. रडायची ती पाय पोटाशी घेऊन. आणि घरात निकाल लागला की दोष माझ्या दुधात आहे.

दुधाची परीक्षा घ्यायची त्या लोकांची एक पद्धत आहे. वाटीत अंगावरचं दूध काढायचं आणि त्यात मुंगी सोडायची. मुंगी जगली तर दूध चांगलं, मेली तर बाधलेलं. भावकीतल्या बायका ओसरीवर जमल्या. मला भिंतीकडं तोंड करून बसवलं, वाटीत दूध काढायला लावलं. थोरल्या जावेनं चुलीमागून मुंगी धरून आणली आणि सोडली. आता मला सांगा, दुधात बुडवलेली मुंगी काय पोहून काठाला लागणार होती? ती मेली. मुंगी मरते, दुसरं काय करते. पण सगळ्या बायका एकदम मागं सरकल्या, जशी काय वाटीत नागीण होती. सासूनं वाटी उचलली आणि गटारात रिकामी केली. म्हणाली, "आजपासून हिला अंगावर घ्यायची न्हाय."

मी ओरडले, रडले, यांच्या पाया पडले. हे म्हणाले, आई अनुभवी आहे, थोडे दिवस बघू. थोडे दिवस. डब्याचं दूध आलं. पावडर कालवायची कशात? तर हलक्या पाण्यात, हंड्यातल्या. एकेक बाटली हंड्यातल्या पाण्यानं भरून माझ्या देखत माझ्या पोरीच्या तोंडात जायची. माझी छाती दगड झालेली, दूध आपोआप गळायचं, ते मी न्हाणीत पिळून टाकायचे. भिंतीपलीकडं ती भुकेनं रडायची. हे मी लिहितेय तेव्हाही अंगावर काटा येतो आणि काट्याच्या खाली राग आहे, तो अजून तसाच आहे.

ओकणं थांबलं नाही, वाढलं. सासू म्हणायची, आईचं बाधलेलं दूध निघायला वेळ लागतो. पोट तट्ट फुगलं, हाताला कडक लागायचं. डोळे पिवळे झाले. तेव्हा मात्र मी कुणाला विचारलं नाही. पोरगी पदराखाली घेतली, हमरस्त्यावर आले आणि मिळेल त्या गाडीनं बारामती गाठली.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी पोट चाचपलं, डोळे बघितले, रक्त काढायला सांगितलं आणि मग विचारलं, बाळाचं पाणी कशात ठेवता? मी म्हणाले, हंड्यात. कसल्या? तांब्याच्या. पाणी कुठलं? पावसाचं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माझे हे दुसऱ्या दिवशी हंड्यातलं बाटलीभर पाणी घेऊन आले. डॉक्टरांनी त्यात कागदाची पट्टी बुडवली, ती लालसर झाली. म्हणाले, हे पाणी नाही, हे पातळ आम्ल आहे. तांबं किती उतरलंय ते तपासायला बाटली पुढं पाठवली. पण त्यांना तपासणीची गरज नव्हती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

त्यांनी मला समजावून सांगितलं. टायरच्या रबरात गंधक असतो. तो जळाला की त्याचा वायू होतो, हवेतल्या ओलाव्यात मिसळला की त्याचं आम्ल होतं आणि पावसाबरोबर खाली येतं. दगडी कोळशाच्या भट्ट्या, कारखान्यांची धुराडी, रस्त्यावरच्या गाड्या, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. वारा ते कुठल्या कुठं नेतो आणि धूर कुणाचा, भाजतो कुणाला, याचा मेळ लागत नाही. पानं करपतात, तळ्यातली मासळी मरते, पत्रा गंजतो, दगडसुद्धा झिजतो. आपली काळी जमीन चुनखडीची, ती बिचारी बरंच सोसते. पण तुमच्याकडं धूर शेजारचाच, काजळी पत्र्यावर, पहिल्या सरीनं ती धुऊन सरळ पातेल्यात. असं पाणी तांब्यात ठेवलं की ते तांबं खातं. म्हणून हंडा आतून लख्ख. आणि खाल्लेलं तांबं बाळाच्या लिव्हरमध्ये जाऊन बसतं.

मी विचारलं, अंगावरचं दूध चालू असतं तर? त्यांनी पट्टी टाकून दिली. मग म्हणाले, "तेवढंच तिच्या बाजूचं होतं."

थंडी सरायच्या आत पोरगी गेली. माझ्या मांडीवर गेली. शेवटी रडायचीही ताकद नव्हती, नुसती ओठांची हालचाल करायची, पिताना करतात तशी. बागेच्या बांधाला तिला पुरलं. वर डाळिंबाचं झाड, करपलेल्या पानांचं. परत येताना गुऱ्हाळ चालू होतं. रसाचं आधण चढलेलं असताना जाळ काढता येत नाही, असं भाऊजी म्हणाले.

मी घरात सगळ्यांसमोर डॉक्टरांचं म्हणणं शब्द न शब्द सांगितलं. टायर, गंधक, काजळी, हंडा. सासूनं ऐकून घेतलं. मग पदर सारखा करून म्हणाली, "हंडा तर तुझ्याच म्हायेरचा."

आधी माझं दूध, आता माझा हंडा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. भाऊजी म्हणाले, माझा गूळ सगळं गाव खातंय, कुणाला काय झालं? हे म्हणाले, आता बोलून ती परत येणार आहे का. थोरली जाऊ भांडी घासत होती, ती घासतच राहिली. त्या दिवसानंतर एक मात्र झालं. हंड्यात पाणी भरणं गुपचूप बंद झालं. फाट्यावरून फिल्टरच्या पाण्याचे जार यायला लागले. डाळ जारच्या पाण्यात शिजायला लागली. का, ते कुणी बोललं नाही. मी मात्र रोज त्या जारकडं बघायचे आणि दातओठ खायचे.

पुढचा दसरा आला. गुऱ्हाळाच्या काहिलीची पूजा, भावकी जमलेली, पहिल्या गुळाचा नैवेद्य. आठवडाभर भुरभुर लागली होती आणि भाऊजींनी चुलाण आधीच पेटवून बघितलं होतं. मी त्या आठवड्यात वळचणीला पातेलं लावलं. हंडा काढला, गाळून भरला, तुळशीचं पान टाकलं, सगळं रीतीप्रमाणं. पूजेच्या वेळी त्यातला तांब्या भरून घेतला, गुऱ्हाळावर गेले आणि सगळ्यांच्या मधोमध भाऊजींच्या पुढं धरला. मी म्हणाले, "प्या, भाऊजी. आभाळाचंच हाय. तुमच्याच आभाळाचं."

भाऊजींनी तांब्याकडं बघितलं, माणसांकडं बघितलं आणि हात पुढं केला नाही. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मला वाटलं, झालं. आता सगळ्यांना दिसलं. आता हे धुराडं विझेल, माझ्या पोरीच्या नावानं विझेल. एवढ्यात सासू पुढं आली. माझ्या हातातून तांब्या ओढून घेतला, मान वर केली आणि गटागटा सगळा प्यायली. उपडा करून दाखवला. म्हणाली, "बघा. जन्मापासनं हेच पीत आले. मला काय झालं?"

कुणीतरी म्हणालं, शाब्बास म्हातारे. नारळ फुटला. गुळाचे खडे वाटले गेले. मी रिकामा तांब्या घेऊन उभी राहिले.

उन्हं कलताना गोठ्याच्या मागं कुणीतरी ओकल्याचा आवाज आला म्हणून गेले. सासू भिंतीला धरून वाकली होती. तोंडातून हिरवट पाणी, डोळ्यांतून धारा. मला बघून तिनं पदरानं तोंड पुसलं. सगळा ताठा गळाला होता. माझं मनगट धरून हळू आवाजात म्हणाली, "कुणाला सांगू नगं. नात गेली. ल्योक तरी ऱ्हाऊ दे."

म्हणजे तिला ठाऊक होतं. मी विचारलं, कधीपासून? तिनं मनगट आणखी घट्ट धरलं. मी मनगट सोडवून घेतलं आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून बायकांना हाक मारली. आल्या सगळ्या. ओकारी बघितली, तिचा पांढरा पडलेला चेहरा बघितला. एक म्हणाली, सकाळपासनं उपास, पित्त उसळलं म्हातारीचं. दुसरीनं तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला. सासू तो चघळत खाली बघत राहिली. बायकांनी मला बाजूला केलं आणि तिला हाताला धरून घरात नेलं.

मी त्याच संध्याकाळी हंडा डोक्यावर घेऊन निघाले. दारातून सासूनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, हंडा कुठं न्हेतीस, आता पाऊस यील की. मी मागं वळले नाही.

आता जळोचीला राहते. हे पण काही महिन्यांनी आले, राहतात. सणाला गावी जातात, येताना गूळ आणतात, तो मी उंबऱ्याच्या आत घेत नाही. हंडा माळ्यावर आहे. चिंच लावत नाही, काळा पडू दिलाय.

गुऱ्हाळ चालूच आहे. पण थोरल्या जावेकडून कळलं की म्हातारीचा तांब्या आता रीतच झालाय. दरवर्षी काहिलीच्या पूजेला भावकी जमते आणि तांब्याच्या कळशीत भरून ठेवलेल्या वळचणीच्या पाण्याचा तांब्या तिच्या हातात देते. म्हातारीनं पाणी प्यायल्याशिवाय नारळ फुटत नाही. तिला नाही म्हणता येत नाही. नाही म्हणाली तर धुराडं काय करतंय ते उघडं पडेल. नंतर दोन-तीन दिवस अंथरुणाला असते, पित्त म्हणतात. मला वाईट वाटत नाही. खोटं कशाला बोलू.

यंदाही जावेचा फोन आला. मी विचारलं, प्यायल्या? ती म्हणाली, व्हय. मी विचारलं, सगळा? ती म्हणाली, "सगळा. तुझ्या भाऊजींनीच दिला हातात."

फोन ठेवला आणि डाळ धुवून चढवली. इथं नळाच्या पाण्यात ती लगेच शिजते.